मान धरते, हाताला मुंग्या येतात : कारण आहार-विहारात शोधा
— ऊस विकास अधिकारी



या पत्रिकेतून आपण बेणे, लागण, बांधणी, खोडवा, पाचट यांविषयी नेहमी वाचता. या वेळचा विषय उसाचा नाही, ऊस पिकवणाऱ्याच्या मानेचा आहे. प्लॉट पाहणीला गेलो किंवा सभासद गट ऑफिसला आले की हल्ली एक तक्रार वरचेवर कानी पडते. "साहेब, मान धरलीय. हाताला मुंग्या येतात. खुरपं हातात राहत नाही." म्हातारी माणसे तर सांगतातच, पण तिशी-पस्तिशीतले गडीही हेच सांगू लागले आहेत. कुणी गोळी घेऊन काम रेटतो, कुणी कटिंगला गेला की मान मोडून घेतो, कुणी नुसता पट्टा बांधून हिंडतो. हाताची ताकद कमी झाली की मग दवाखाना आठवतो.

आयुर्वेदाने या दुखण्याचा बारकाईने विचार केला आहे. औषधाच्या अगोदर रोगाचे कारण सोडा, असे त्याचे सांगणे आहे. याला 'निदान परिवर्जन' म्हणतात. आपल्याला हे नवे नाही. उसाला केवडा पडला, पाने पिवळी झाली, की जाणता शेतकरी नुसती फवारणी करून थांबत नाही. जमीन चुनखडीची आहे का, पाणी साचते का, निचरा कसा आहे, हे आधी पाहतो. मानेचेही तसेच पाहायचे आहे. आणि पाहू लागलो म्हणजे ध्यानात येते की बरीच कारणे आपल्या पाणी देण्यात, ओझे उचलण्यात आणि जेवण्यात आहेत.

दुखणे मानेत, मुंग्या बोटात

मानेत सात मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये गादीसारखी चकती असते. (पहिल्या दोहोंत मात्र ती नसते.) मणक्यांच्या बाजूने मज्जातंतूंच्या आठ जोड्या बाहेर पडतात. त्यांतल्या खालच्या जोड्या खांद्यातून, दंडातून थेट बोटांपर्यंत जातात. वयाने आणि कामाने चकती झिजते, कधी बाहेर सरकते, मणक्याच्या कडेला हाड वाढते आणि तंतूची वाट अरुंद होते. तंतू तिथे दाबला किंवा चिडला की कळ हातात उतरते.

ठिबकवाल्यांना हे लगेच पटेल. वर कुठे तरी नळी दबली की शेवटचे ड्रिपर कोरडे पडतात. आपण ड्रिपर साफ करीत बसलो तर काय उपयोग? हाताला मुंग्या आल्या म्हणून हातच चोळत बसणे तसेच आहे. सर्वसाधारणपणे अंगठ्याकडे मुंग्या असतील तर सहावा तंतू, मधल्या बोटाकडे असतील तर सातवा आणि करंगळीकडे असतील तर आठवा, असा डॉक्टरांचा अंदाज असतो. म्हणून दवाखान्यात "हात दुखतो" एवढेच सांगू नये. कोणते बोट, हे नीट सांगावे.

एक गोष्ट दिलाशाची. चाळिशीनंतर फोटो काढला तर पुष्कळांच्या मणक्यांत झीज दिसते, पण त्या सगळ्यांना दुखतेच असे नाही. आणि ज्यांना दुखते त्यांतल्या बहुसंख्यांना काही आठवडे ते काही महिन्यांत शस्त्रक्रियेवाचून आराम पडतो. मात्र कारण चालूच ठेवले तर दुखणे पुन्हा उलटते.

ग्रंथ काय सांगतात

चरकसंहितेत वाताचे ऐंशी विकार मोजले आहेत. त्यांत मान आखडण्याचा 'मन्यास्तंभ' आणि 'ग्रीवास्तंभ' आहे, हात वाळण्याचा 'बाहुशोष'ही आहे. सुश्रुताने वातव्याधीच्या प्रकरणात 'विश्वाची' सांगितली आहे. दंडाच्या मागून बोटांपर्यंत जाणाऱ्या कंडरा बिघडतात आणि हाताचे काम थांबते, असे तिचे वर्णन आहे. आजच्या वैद्यांना त्यात मानेतून हातात उतरणाऱ्या दुखण्याचे साम्य दिसते. जुने नाव आणि आजचे निदान तंतोतंत जुळेल असे नाही, पण दुखण्याची वाट ओळखीची वाटते.

मन्यास्तंभाची कारणे सुश्रुताने नेमकी दिली आहेत. दिवसा झोपणे, वेडेवाकडे बसणे-उभे राहणे, आणि मान वाकडी करून किंवा वर करून सारखे पाहत राहणे. वात कोपण्याची सर्वसाधारण कारणे चरकाने दिली आहेत. कोरडे, थंड आणि अपुरे अन्न, फार उपवास, रात्रीचे जागरण, शक्तीबाहेर श्रम, चिंता, आणि शरीराचे वेग अडवणे. शिंक दाबून धरली तर मान आखडते, असेही चरकाने लिहून ठेवले आहे.

ऋतूचाही हिशोब आहे. वात उन्हाळ्यात साचतो आणि पावसाळ्यात कोपतो, असे आयुर्वेद मानतो. आपले वेळापत्रक पाहा. चैत्र-वैशाखात ऊन अंगावर घेऊन मशागत करायची, आणि १५ जुलैपासून महिनाभर ओल्या सरीत वाकून आडसालीची लागण करायची. पाऊस, गार वारा, ओले कपडे, वाकलेली मान, सगळे एकाच वेळी येते. या दिवसांत मान जास्त सांभाळावी.

रात्रीचे दारे

उजनी धरण १९८० साली पुरे झाले. पुढे कालव्याचे पाणी शिवारात फिरले आणि जोंधळ्याच्या जिल्ह्यात ऊस उभा राहिला. पाण्याने घरे उभी केली, पोरे शिकली, हे कुणी नाकारणार नाही. पण पाण्याबरोबर जागरण आले. शेतीपंपाची थ्री फेज वीज पुष्कळ भागांत आळीपाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन दारे धरायला जायचे, चिखलात वाकायचे, थंडीत कुडकुडायचे, मधे फ्यूज गेला की डीपीकडे मान वर करून पाहत उभे राहायचे. पहाटे घरी येऊन दोन कप चहा, धारा काढणे, डेअरी, मग दुपारी पोटभर जेवण आणि वर तीन तास झोप.

आयुर्वेदाच्या दृष्टीने यात दोन्हीकडून नुकसान आहे. रात्री जागले की शरीरात रूक्षता वाढते, वात वाढतो. जेवून दिवसा झोपले की कफ वाढतो. सुश्रुताने मन्यास्तंभात कफाने वेढलेला वातच सांगितला आहे.

मग करायचे काय? वीज येईल तेव्हा पाणी तर दिले पाहिजे. यावर वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यवहाराचा तोडगा दिला आहे. ज्याची रात्रीची झोप मोडली त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी, जेवणापूर्वी, मोडलेल्या झोपेच्या निम्मा वेळ झोपावे. म्हणजे रात्री सहा तास जागलात तर पहाटे घरी आल्यावर हातपाय धुऊन तीन तास पडा, मग उठून जेवा. धारा त्या दिवशी घरातल्या दुसऱ्याने काढाव्यात. भर उन्हाळ्यात रात्र लहान असते, तेव्हा दुपारची थोडी झोप आयुर्वेदालाही मान्य आहे. एरवी जेवल्याबरोबर आडवे होणे टाळावे.

आज यावर विज्ञानाचा उपायही आहे. ठिबक असेल तर दारे धरावे लागत नाही. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा आला. ठिबक आणि सौर पंपाचा हिशोब मांडताना आपण वाचलेले पाणी आणि खत मोजतो. वाचलेली झोपही मोजा.

ओझे : डोक्यावरचे, पाठीवरचे आणि हातातले

एक ऊस दीड-दोन किलोचा धरला आणि मोळीत वीस ऊस धरले तर मोळी तीस-चाळीस किलोची होते. तोडणीचा गडी ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढतो, दिवसात कितीदा तरी. आपल्या बायका-मुली वाढ्याचा भारा आणि पाण्याची घागर डोक्यावर आणतात. पाठीवरचा सोळा लिटरचा पंप भरला की पाण्याचेच सोळा किलो, वर पंपाचे वजन. युरियाचे पोते २०१८ पासून पन्नासऐवजी पंचेचाळीस किलोचे झाले, तरी एकट्याने मानेवर टाकायचे ते ओझे नव्हे.

ओझ्याबाबत साधे नियम पाळावेत. पोते दोघांनी उचलावे. डोक्यावरच्या ओझ्याखाली जाड चुंबळ घ्यावी, ओझे डोक्याच्या मधोमध ठेवावे, आणि डोक्यावर ओझे असताना झटकन मान वळवू नये. भारा एक मोठा करण्यापेक्षा दोन लहान करावेत. पंपाचे दोन्ही पट्टे सारखे घट्ट हवेत, एका खांद्यावर तो अडकवू नये. टाकी पाऊण भरली तरी चालते, एक फेरी जास्त होईल. ट्रॅक्टरवाल्याने पाठीमागची अवजारे पाहताना नुसती मान पिरगाळू नये, कमरेपासून अंग वळवावे.

तोडणीच्या टोळीबद्दल सभासदांना वेगळी विनंती आहे. ती माणसे बीड-मराठवाड्याकडून लांबून येतात, सहा-सहा महिने आपल्या फडात राबतात. मान त्यांनाही एकच आहे. फडातून ट्रॉली आत येईल असा रस्ता आधी काढून द्या, म्हणजे मोळी घेऊन लांब चालावे लागणार नाही. चढायची फळी रुंद आणि न हलणारी असावी. फडावर प्यायच्या पाण्याची सोय ठेवा. यातल्या कशालाही फारसा खर्च नाही.

तिसरे ओझे हातातल्या मोबाईलचे. माणसाचे डोके साधारण पाच किलोचे. मान ताठ असेल तर मणके ते सहज पेलतात. मान पुढे झुकली की भार वाढतो. केनेथ हंसराज या अमेरिकेतल्या मणक्याच्या शल्यचिकित्सकांनी २०१४ साली गणित मांडले होते. मान साठ अंशात खाली वाकवली तर मणक्यावर सुमारे सत्तावीस किलोइतका ताण येतो, असे त्यांचे उत्तर होते. हे कागदावरचे गणित आहे, माणसागणिक फरक पडेल. तरीपण दिवसभर खुरपणीत वाकलेली मान रात्री पुन्हा दोन तास मोबाईलवर वाकवली, तर तिला विसावा मिळायचा कधी? मोबाईल डोळ्यांसमोर उचलून धरावा. मान आणि खांद्यात मोबाईल दाबून गाडी चालवणे तर दोन्ही बाजूंनी घातक.

ताटात काय आहे

आपली ज्वारी नामांकित. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ दूरवर गेली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्वारी पचायला हलकी, पण आयुर्वेदाच्या हिशोबात गुणाने रूक्ष. म्हणून आपल्या आज्या भाकरी कोरडी वाढत नसत. गरम भाकरीवर तूप किंवा तेल, सोबत पातळ आमटी, रात्री दूध-भाकरी. शेंगाचटणी म्हटली की वर तेलाची धार आलीच. कोरड्या धान्याला ओलाव्याची जोड, असा तो बेत होता.

आता काय होते? सकाळची भाकरी दुपारी बांधावर थंडगार खायची, सोबत तिखट आणि कांदा. कडक भाकरी प्रवासाला उत्तम, पण रोजचे जेवण तेवढ्यावर भागवू नये. भूक लागली की चहा, पाहुणा आला की चहा, दारे धरताना चहा. चहा जुन्या ग्रंथांत नाही, पण भूक मारून जेवण पुढे ढकलण्याचे काम तो रोज करतो. घरात दोन-चार दुभती जनावरे असूनही दूध डेअरीला जाते आणि पोरांच्या वाट्याला चहात पडेल तेवढे येते. घरची बाई सगळ्यांचे झाल्यावर उरलेले, निवलेले, कमी पडेल तेवढे खाते. वर सोमवार, चतुर्थी, एकादशीचे उपवास. थंड, अपुरे आणि अवेळी अन्न, ही चरकाने सांगितलेली कारणे तिच्या एकटीच्या ताटात जमतात. तिच्या मानेची तक्रार मात्र घरात सर्वांत शेवटी ऐकली जाते.

आजचे वैद्यकशास्त्रही इथे एक गोष्ट जोडते. मज्जातंतू धड राहायला ब-१२ जीवनसत्त्व लागते. ते प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात असते. दूध, दही, अंडी, मांस, मासळी. आपला भाग पंढरीचा, माळकरी घरे पुष्कळ. माळकऱ्याला ते मुख्यतः दुधा-दह्यातून मिळणार, आणि दूध तर डेअरीत गेले! ब-१२ कमी पडले तरी हातापायांना मुंग्या येतात. मधुमेहातही येतात. म्हणून मुंग्या आल्या की सगळा दोष मणक्यावर न टाकता रक्तातली साखर आणि ब-१२ तपासून घ्यावे. साधी रक्ततपासणी आहे.

ताटासाठी एवढे करावे. जेवण गरम आणि वेळेवर असावे. बांधावर न्यायचे तर डबा झाकणाचा, सोबत ताक किंवा आमटी. भाकरीवर चमचाभर तूप किंवा तेल, मात्र रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा विकार असणाऱ्यांनी ते बेताने घ्यावे. घरातल्या प्रत्येकासाठी कपभर दूध किंवा वाटीभर दही बाजूला काढून मगच कॅन डेअरीला पाठवावा. वाटाणा, हरभरा, पावटा ही वातुळ कडधान्ये आयुर्वेद कमी खायला सांगतो. खायची तर भिजवून, शिजवून, तेल-लसूण-हिंगाची फोडणी देऊन खावीत. बिडी-सिगारेट सोडावी. मणक्याच्या चकतीला पोषण मुळातच थोडे मिळते, धुराने ते आणखी घटते.

घरी काय करावे, काय करू नये

दुखणे नवे असेल तर दोन-तीन दिवस ओझे बंद ठेवावे, पण अंथरूण धरू नये. हलकी हालचाल चालू ठेवावी. आयुर्वेदात वातासाठी तिळाचे तेल श्रेष्ठ मानले आहे. ते कोमट करून मान, खांदे, पाठ यांना हलक्या हाताने लावावे आणि नंतर शेक घ्यावा. बधिर झालेल्या हाताला शेक देऊ नये. चटका कळत नाही आणि कातडी भाजते. मधुमेह्यांनी विशेष जपावे. उशी फार उंच नसावी, अगदी नसावी असेही नाही. आपली सोलापुरी चादर बेताची घडी करून मानेखाली घेतली तरी चालते. मान आणि पाठ एका रेषेत राहिली पाहिजे.

दुखणे ओसरल्यावर रोज पाच मिनिटे खांदे मागे फिरवणे, हनुवटी आत घेणे, कपाळाला हात लावून हाताविरुद्ध हळू दाब देणे, एवढा व्यायाम पुरे. शीर्षासन करू नये. मान गरागरा फिरवू नये.

आणि मान मोडून घेणे तर साफ बंद करावे. 'कट' असा आवाज आला की बरे वाटते खरे. पण मानेतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. झटक्याने त्यांना इजा होऊन लकवा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. क्वचित घडते, पण घडले तर माणूस आयुष्यातून उठतो.

दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्महिने खाणे पोटाला आणि मूत्रपिंडाला धोक्याचे. बाजारात, जत्रेत मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासूनही दूर राहावे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे, म्हणून लगेच आराम वाटतो आणि नुकसान मागाहून दिसते. आयुर्वेदिक औषध घ्यायचे तर नोंदणीकृत वैद्याकडूनच घ्यावे. गुग्गुळ कोणता, किती दिवस, बस्ती-नस्य लागते की नाही, हे नाडी आणि प्रकृती पाहून ठरते. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर ठरत नाही.

दवाखाना केव्हा गाठावा

पुढील लक्षणांत घरगुती उपाय नको. हाताची पकड कमी होणे, वस्तू हातातून पडणे, गुंडी लावता न येणे. हात वाळू लागणे. चालताना पाय अडखळणे किंवा तोल जाणे. लघवी-संडासवरचा ताबा सुटणे. पडल्या-झडल्यानंतर मान दुखणे. तापाबरोबर मान ताठणे. वजन उतरत जाणे किंवा रात्री झोपेतून उठवणारी कळ. डाव्या हाताच्या कळेबरोबर छातीत दडपण आणि घाम असेल तर ते मानेचे समजू नये, हृदयाचे असू शकते. त्या वेळी १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

सोलापूर शहरात शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय आहे. १९६३ साली स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याला जोडलेले, आपण ज्याला 'सिव्हिल' म्हणतो ते, छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. वैद्याकडे जा किंवा डॉक्टरकडे जा, पण वेळेत जा. एकाचे औषध चालू असेल तर दुसऱ्याला ते सांगा.

बंधू-भगिनींनो, खोडवा चांगला यायचा तर लागणीचे बुडखे शाबूत राहावे लागतात. शेतकऱ्याच्या घराचेही तसेच. राबणारा हात एकदा निकामी झाला तर सोसायटीचे हप्ते, पोरांचे शिक्षण, सगळेच अडते. म्हणून येत्या हंगामात तीन गोष्टी तरी सुरू करा. रात्री दारे धरल्यावर सकाळी जेवणाआधी झोप, पोते दोघांनी उचलणे, आणि डेअरीला घालण्याआधी घरचे दूध काढून ठेवणे. आणि घरातल्या बाईने "मान दुखते" म्हटले तर ते त्याच दिवशी ऐका.